दर्या, दऱ्या आणि नवा ब्राउझर

मुद्रितशोधनाच्या कामावर नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी मी तिला कागदावर दोन शब्द लिहून दाखवते. 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. त्याच्या पाठोपाठ 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा'. र य च्या डोक्यावर रफार होऊन बसला की गुरुजी येतात आणि तोच र चंद्रकोरीसारखा य ला बिलगला की स्वयंपाकी येतो. हा दुसरा र मराठीने जिवापाड जपलेला आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. आमच्या जिल्ह्यातलं जुनं कऱ्हाड त्याच्याशिवाय लिहिता येत नाही, तिकडे वऱ्हाडही नाही.

तेवीस वर्षं मी हे काम करते आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं कागद बाजूला पडून पडदा आला. आता लेखकाचा मजकूर, संपादकाच्या सूचना, शब्दकोश, सगळं ब्राउझरमध्येच उघडतं. सकाळी साडेनऊला उघडलेली ती खिडकी मी संध्याकाळी सातला लावते. ती मी स्वतः कधी निवडलेली नाही, हे मात्र गेल्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पाडव्याला नवा लॅपटॉप घेतला. भाची घरी आली होती, तिने तो सुरू करून द्यायचं मनावर घेतलं. फराळाचं ताट मांडीशी आणि लॅपटॉप पाटावर. मध्येच मान वर न करता तिने विचारलं, "मावशी, ब्राउझर नेहमीचाच टाकू ना?"

माझ्या तोंडून 'हो' गेलं होतं. मग मीच म्हटलं, "थांब जरा."

तो 'नेहमीचाच' मला अडला. दूधवाला मी पारखून घेतला आहे. शिंपी दोनदा बदलला. चष्म्याची काच कुठे चांगली घासून मिळते यासाठी पार पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत दुकानं पालथी घातली आहेत. आणि ज्या काचेतून मी दिवसाचे नऊ तास मराठी वाचते, ती आली कुठून? आठवेना. कुणीतरी कधीतरी बसवून दिली आणि ती तशीच राहिली.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ब्राउझर म्हणजे झटापट होती, म्हणून तो लक्षात राहायचा.

२००३-०४ च्या सुमाराला आम्ही नेट कॅफेत जायचो. तासाला वीस रुपये. मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं तेव्हा आपापला फॉन्ट घेऊन यायची. म्हणजे आत खरा मजकूर रोमन चिन्हांचा, त्यावर फॉन्टचा मुखवटा चढवला की मराठी दिसायचं. तो फॉन्ट पानाबरोबर आपोआप उतरायची जी पद्धत सगळ्यांनी उचलली, ती फक्त मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररला कळत होती. दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरात तेच पान उघडलं की ओळीच्या ओळी कंसांच्या, डॉलरच्या आणि टिंबांच्या. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की हे स्थळ अमुक ब्राउझरात उत्तम दिसेल. मराठी वाचणाऱ्याला ती सूचना नव्हती, अट होती.

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड आलेलं होतं, मराठी विकिपीडियाही २००३ च्या १ मे ला सुरू झाला होता, पण घरच्या संगणकावर ते नीट दिसायला विंडोज एक्सपीची मूळ सीडी लागायची. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या कप्प्यात जायचं, अवघड लिप्यांच्या नावापुढे बरोबरची खूण करायची, मग यंत्र सीडी मागायचं. सीडी नसली तर वेलांट्या अक्षरांपासून सुटून भलतीकडे उभ्या. मी ती सीडी वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये बाळगत असे. ओळखीच्या चार-पाच घरांत मी अशी मराठी बसवून आले आहे.

इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी २००६ मध्ये. मधली पाच वर्षं जगातले बहुतेक लोक त्याच एका खिडकीतून बघत होते. एवढी मोठी कंपनी, एवढी हुशार माणसं, आणि पाच वर्षं खिडकीला नवी बिजागरी नाही. कारण साधं होतं. शेजारी दुसरं दुकानच उरलं नव्हतं. नेटस्केप हा आधीचा ब्राउझर हरला होता. हरता हरता, १९९८ साली, त्याने आपला कोड जगासाठी खुला करून ठेवला, आणि त्या खुल्या कोडवर मोझिला नावाच्या प्रकल्पातली माणसं काम करत राहिली. ९ नोव्हेंबर २००४ ला त्यांच्या फायरफॉक्स या ब्राउझरची पहिली पूर्ण आवृत्ती आली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिची दोन पानी जाहिरात झळकली. त्या जाहिरातीत वर्गणी देणाऱ्या सुमारे दहा हजार माणसांची नावं बारीक अक्षरात छापलेली होती. मी त्या पानाचं चित्र नंतर पाहिलं. एवढ्या नावांचं मुद्रितशोधन कुणी केलं असेल, हाच पहिला विचार मनात आला, आणि त्या अनोळखी माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

आमच्या भाषेचं त्यात लगेच भलं झालं असं नाही. सुरुवातीच्या फायरफॉक्समध्ये दोन्ही समासांना टेकवलेली देवनागरी फुटत असे, वेलांटी एकीकडे आणि व्यंजन दुसरीकडे. ते २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत सुधारलं. पुढच्या वर्षी, साडेतीनमध्ये, पानाबरोबर फॉन्ट पाठवण्याची खुली पद्धतही आली. पण फायरफॉक्सला जोडता येणारं 'पद्मा' नावाचं एक एक्स्टेंशन होतं. ते वर्तमानपत्रांच्या त्या खासगी फॉन्टांचा मुखवटा काढून खालचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. कुणाही कंपनीला त्यातून पैसा मिळणार नव्हता. ज्यांना आपल्या लिपीत वाचायचं होतं त्यांनीच ते घडवलं होतं.

आणि अण्णांचा फोन. माझे वडील निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे बटणांचा एक छोटा फोन होता. मराठी पान उघडलं की नुसते चौकोन. अण्णा म्हणायचे, "विटांची भिंत आलीय बघ." मग मला कुणीतरी युक्ती सांगितली. ओपेरा मिनी हा ब्राउझर घ्यायचा, पत्त्याच्या जागी 'ओपेरा कॉलन कॉन्फिग' एवढं टाइप करायचं, आणि उघडणाऱ्या यादीत अगदी तळाशी, अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरू का, या प्रश्नाला हो म्हणायचं. बस्स. फोनला मराठी येत नसली तरी पान तिकडे दूरच्या सर्व्हरवर मांडलं जायचं आणि अक्षरांची चित्रं होऊन अण्णांच्या हातात यायची. पडदा आगपेटीहून थोडाच मोठा. अण्णा अंगणातल्या खुर्चीत फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून अग्रलेख वाचत, आणि एक परिच्छेद संपला की बटण दाबून खाली सरकत. नॉर्वेतल्या एका कंपनीने, जी कधीच पहिल्या नंबरावर नव्हती, ही सोय करून ठेवली होती. अण्णा गेले तेव्हा तो फोन मी ठेवून घेतला. आता तो सुरू होत नाही.

या तीन-चार गोष्टी मी पाडव्याच्या रात्री एकापाठोपाठ आठवल्या तेव्हा एक धागा हाताला लागला. पडद्यावरच्या माझ्या मराठीसाठी वाट काढली ती बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या ब्राउझरने, किंवा त्याच्या आजूबाजूला जमलेल्या माणसांनी. पहिल्या नंबरवाल्याला आमच्यासाठी थांबण्याची गरज नसते. दुसरा निदान मागे वळून बघतो, कोण राहिलं आहे ते.

मग मी मधली पंधरा वर्षं गूगलच्या क्रोममध्ये कशी काय होते? तो २ सप्टेंबर २००८ ला आला, हलका होता, झपाट्याने पान उघडायचा. प्रत्येक टॅब स्वतंत्र ठेवण्याची त्याची कल्पना खरोखर चांगली होती, एक पान कोसळलं तरी बाकीची उभी राहायची. पुढे फोन आला, फोनमध्ये तो आधीच होता, फोनवरच्या खुणा आणि पासवर्ड संगणकावर दिसायला लागले, आणि मी तिथली झाले. त्यात वाईट काही घडलं नाही. फक्त मी कधी ठरवलं नव्हतं.

भाची संगणक शिकते. तिने पाटावर बोटाने चौकोन काढून मला समजावलं. ब्राउझरच्या पोटात एक इंजिन असतं, तेच पान वाचतं आणि मांडतं. बाहेर नावं पुष्कळ आहेत, पण इंजिनं मोजकी. ओपेराने २०१३ मध्ये आपलं इंजिन सोडून क्रोमच्या घराण्यातलं घेतलं. मायक्रोसॉफ्टच्या एजनेही जानेवारी २०२० पासून तेच घेतलं. ब्रेव्ह आणि विवाल्दी त्याच घराण्यातले. सफारीचं इंजिन वेगळं, पण ते ॲपलच्या यंत्रांपुरतं. आणि फायरफॉक्सचं गेको, जे अजून स्वतःच्या पायांवर उभं आहे. "म्हणजे दुकानांच्या पाट्या दहा आणि गिरणी एकच?" मी विचारलं. ती म्हणाली, "जवळजवळ तसंच."

गिरणी एकच असली की पिठाचा जाडसरपणा गिरणीवाला ठरवतो. त्याच्या मनात वाईट नसेलही. पण २००१ ते २००६ ही पाच वर्षं मी पर्समध्ये सीडी घेऊन हिंडलेली आहे.

तरी मी परीक्षा घेतली. नुसत्या भावनेवर काम सोपवायचं नाही, ही आमच्या कामाची शिस्त. एका साध्या फाइलमध्ये तीसेक शब्द लिहिले. दऱ्या, तऱ्हा, ऱ्हस्व, उद्ध्वस्त, वाङ्मय, हृदय, शृंगार, क्लृप्ती, षट्कोन. त्यात 'ॲप' दोनदा, दोन तऱ्हांनी. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी अ वर चंद्र ठेवून भागवत. दिसायला दोन्ही सारखी, पण शोधायला गेलं तर एक सापडतं आणि दुसरं निसटतं. ती फाइल मी क्रोम, विवाल्दी आणि फायरफॉक्समध्ये उघडून भिंग घेऊन बसले. खरंच भिंग घेऊन, माझ्या टेबलावर असतंच. तिन्हींनी सगळे शब्द बिनचूक दाखवले.

याचंही कारण भाचीने शोधून दिलं. अक्षरं जोडण्याचं काम आता बहुतेक ब्राउझर हार्फबझ नावाच्या एका खुल्या, फुकट मिळणाऱ्या साधनाकडे देतात. नाव फारसी आहे, त्यातला हर्फ म्हणजे अक्षर, आपल्या जुन्या मराठीतला हरफच. एवढ्या भांडणाऱ्या कंपन्या काना-वेलांटीच्या बाबतीत एका पंगतीला बसतात, हे कळल्यावर मला मनापासून बरं वाटलं.

पण म्हणजे अक्षरांवरून निवड होईना. निवड झाली ती एका सेटिंगवरून.

फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉन्टच्या पुढे 'प्रगत' असं बटण आहे. ते दाबलं की लिप्यांची यादी येते, आणि तिच्यात देवनागरी वेगळी आहे. इंग्रजीसाठी एक फॉन्ट, देवनागरीसाठी दुसरा, त्याचा आकार वेगळा, आणि याहून लहान अक्षर दाखवूच नकोस अशी मर्यादाही वेगळी. खाली आणखी एक चौकट असते, पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्यायचे का. तिच्यातली खूण मी काढून टाकली. झालं, त्या क्षणापासून जवळजवळ प्रत्येक मराठी पान मी निवडलेल्या अक्षरात उघडायला लागलं. मी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' लावला आहे, आकार वीस. इंग्रजी सोळावर. मराठीला मात्रा-वेलांट्यांसाठी वर-खाली जागा लागते, एकाच मापात बसवलं की ती इंग्रजीशेजारी खुजी दिसते, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. इथे कुणाला सांगावं लागलं नाही. कप्पा आधीच केलेला होता.

काही पानांची मांडणी यात बिघडते, चिन्हांच्या जागी चौकोन येतात. तेवढ्या पानांपुरती मी ती खूण परत लावते. चालतं.

आणखी एक बारीक गोष्ट. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण धरलेला आहे. दंडाचा ल आणि गाठीचा श हे हिंदीचं वळण. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं भरलेली असतात, आणि पानाने आपली भाषा मराठी असल्याचं आतल्या कोडमध्ये सांगितलं असेल तर ब्राउझर मराठी रूप उचलतो. आजचे सगळे मोठे ब्राउझर हे करतात. पण पुष्कळ मराठी पानं आपली भाषा सांगतच नाहीत, किंवा इंग्रजी सांगतात. सांगणं म्हणजे दोन अक्षरांचं काम आहे. संकेतस्थळं बनवणारं कुणी हे वाचत असेल तर कळकळीने विनंती करते, ती दोन अक्षरं लिहा.

प्रत्यक्ष घर हलवायला बारा दिवस लागले. वाचनखुणा एका फाइलमध्ये निघतात आणि नव्या जागी एका झटक्यात येतात, पण माझ्या अकराशे चाळीस होत्या आणि त्या तशाच आणायला जीव होईना. रोज रात्री शंभर तपासल्या. अर्धी पानं मेलेली. एक पान माझ्या ओळखीच्या एका लेखकाचं. ते जाऊन सहा वर्षं झाली, पान अजून उघडतं. शेवटच्या लेखात माझ्या नजरेतून सुटलेली एक चूक आहे. ती खूण मी ठेवली.

पासवर्डांची फाइल मात्र जपून हाताळावी लागते. त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं, कुणीही वाचावं असं. नव्या ब्राउझरने ती वाचल्यावर लगेच पुसायची, आणि कचऱ्याच्या टोपलीतूनही काढायची. हे काम मी भाचीलासुद्धा करू दिलं नाही.

हाताची सवय सगळ्यात शेवटी आली. खासगी खिडकीसाठी माझी बोटं कंट्रोल, शिफ्ट आणि एन वर जायची. फायरफॉक्समध्ये त्यासाठी पी आहे, आणि एन दाबलं की शेवटची बंद केलेली खिडकी परत उघडते. दोन आठवडे मी रोज कालचं काम पुन्हा पुढ्यात आणत होते. मग एक दिवस बोट आपोआप पी वर गेलं.

एका कार्यालयाचं संकेतस्थळ मात्र अडलं. अर्ज भरायचा होता, तर पानावर आलं की आपला ब्राउझर इथे चालणार नाही, अमुक एकच वापरा. वीस वर्षांपूर्वीची तळाची ओळ, फक्त नाव बदललेलं. तो अर्ज मी दुसऱ्या ब्राउझरातून भरला, मुदत होती. पण त्यांना सविस्तर पत्र लिहिलं, मराठीत, मुद्देसूद. उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहीन.

एक गोष्ट मला खरोखर काळजीची वाटते. मोझिलाचं बहुतेक उत्पन्न आपल्या ब्राउझरात गूगलचं शोधयंत्र आधीपासून लावून ठेवण्याच्या करारातून येतं. म्हणजे दुसऱ्या गिरणीच्या विजेचं बिल पहिली गिरणी भरते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधयंत्राच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल दिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना क्रोम विकायला लावलं नाही, एकाधिकाराच्या करारांना मनाई केली, पण पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही. ती बंदी आली असती तर फायरफॉक्सचाच श्वास कोंडला असता. मी निवडलेलं घर अशा जमिनीवर आहे, हे मला माहीत आहे. आता मी मोझिलाला वर्गणी देते. रक्कम लहान आहे, दर महिन्याला जाते.

आणि दुसरं काहीतरी देता येतं हे मागच्या महिन्यात कळलं. फायरफॉक्स मराठीतही आहे, आणि ते मराठी स्वयंसेवक करतात. दर चार आठवड्यांच्या आसपास नवी आवृत्ती येते, तिच्याबरोबर नवी वाक्यं येतात. मोझिलाच्या पॉन्टून नावाच्या जागी खातं उघडलं की ती आपल्याला सुचवता येतात, मग जुनं-जाणतं कुणीतरी तपासून मंजूर करतं.

मी खातं उघडलं. पहिलंच वाक्य टॅब बंद करण्याबद्दलचं घेतलं आणि तिथेच अर्धा तास गेला. मराठीत दार लावतात, डोळे मिटतात, पुस्तकही मिटतात, दिवा मालवतात, दुकान बंद करतात किंवा वाढवतात. टॅबचं काय करतात? 'मिटा' लिहून पाहिलं, सुंदर दिसलं. पण घाईत असलेल्या माणसाला ते क्षणभर अडेल, आणि बटणावरच्या शब्दाने कुणाला अडवू नये. 'लावा' म्हटलं तर उलटाच अर्थ. रात्री साडेअकराला 'बंद करा' असं लिहिलं, एकदा मोठ्याने वाचलं, आणि पाठवलं.

तपासणाऱ्याची खूण अजून पडलेली नाही. सकाळी चहा ठेवला की मी आधी ते पान उघडून बघते.